गाळलेली ओळ

माझ्या टेबलापाशी लोक कुरकुरतात, त्याला कारण आमचे सर. सब-रजिस्ट्रार ऑफिससमोर बसून मी दस्त लिहिते. बेळगावात आम्हाला बाँड रायटर म्हणतात. शेजारची मंडळी चार दस्त उरकतात तेवढ्यात माझा एक होतो, कारण लिहून झालेला कागद मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवते. कागद कन्नडात, समोरचा माणूस मराठी बोलणारा. मग एक ओळ कन्नडात वाचायची, तीच लगेच मराठीत सांगायची, मग पुढची. एकदा एक घाईतला गडी म्हणाला, दस्त लिवताय का पोथी लावलीया? मी म्हटलं, पोथीच समज, गप बस, प्रसाद शेवटी मिळतो. बसला बिचारा. पण ही खोड माझी नव्हे. ती मला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी लावली गेली.

टिळकवाडीतल्या आमच्या कॉलेजात तेव्हा एक व्यावसायिक विषय घ्यावा लागे. कॉम्प्युटरच्या जागा भरल्या, टॅक्सच्या भरल्या, आणि अर्ज द्यायला उशिरा पोचलेल्या आम्हा पंधरा-सोळा जणांच्या पदरात कायदा पडला. मी मनाची समजूत घातली, की चार कलमं पाठ झाली तर घरी भांडताना उपयोगी पडतील. भांडखोर मी आधीपासूनच होते, पुरावा तेवढा कमी पडायचा.

पहिल्या दिवशी वर्गात आले ते एक उंच, मानेत थोडे वाकलेले गृहस्थ. खिशाला चार पेनं, हातात डब्याची पिशवी. मूळचे निपाणीचे. कोर्टात शिरस्तेदार होते, म्हणजे न्यायाधीशांसमोर येणाऱ्या सगळ्या कागदांचे कारभारी. रिटायर झाल्यावर कॉलेजनं त्यांना आठवड्याला तीन तासांवर बोलावलं होतं. आल्या आल्या त्यांनी बसचा पास आहे का कुणाकडं, म्हणून विचारलं. मी पुढच्या बाकावर, मी दिला. सरांनी तो उलटा केला आणि मागचे बारीक अक्षरातले सगळे नियम मोठ्यानं वाचले. त्यात चांगली दहा मिनिटं गेली. मग मला म्हणाले, "ह्ये सगळं तुला म्हायीत हुतं?"

मी नाही म्हटलं.

"मग खाली तुझी सही कशी काय हाय?"

वर्ग हसला. मला लई राग आला. घरी जाऊन आईला सांगितलं, आम्हाला एक अर्धवट म्हातारा दिलाय शिकवायला. ते शब्द मी आज परत घेते. सगळेच नव्हे, कारण सर थोडे अर्धवट होतेच.

त्यांना दिसेल ते वाचायची सवय होती, आणि तीही मोठ्यानं. खोकल्याच्या बाटलीवरचं, अगरबत्तीच्या पुड्यावरचं, हॉटेलात हात धुण्याच्या बेसिनवरचं. स्टाफरूममधले प्राध्यापक ते आले की पेपर घडी करून ठेवत, नाहीतर नाटकांच्या जाहिरातींपर्यंत ऐकावं लागे. पण एका मॅडमच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पत्रिका स्टाफरूममध्ये फिरली, तेव्हा सगळ्यांनी छान छान म्हणून खाली ठेवली. सरांनी तेवढी गणपतीपासून प्रेसच्या नावापर्यंत वाचली आणि मधेच थांबून विचारलं, लग्न रविवारी हाय का सोमवारी? तारीख एका दिवसाची छापली होती आणि वार दुसऱ्या दिवसाचा. मॅडमनी त्यांना पहिली पंगत दिली.

कलमं त्यांनी आम्हाला फारशी शिकवलीच नाहीत. तुम्हाला वकील करणारा मी न्हवं, म्हणायचे. वकील ज्या कागदावर भांडतात, तो कागद भांडण हुनार न्हाय असा लिवायला शिका, म्हंजे झालं. भाडेकरार, वाटणीपत्र, मुखत्यारपत्र असं एकेक ते आमच्याकडून लिहून घेत. त्यांच्या पिशवीत डब्याखाली शाईचा पॅड असे आणि एका लहान बाटलीत खोबरेल तेलात भिजवलेला कापूस. अंगठा उठवून झाला की लोक तो भिंतीला पुसतात, खांबाला पुसतात, बायका पदराच्या आतल्या बाजूला पुसतात. सरांना ते बघवत नसे. ज्याचा अंगठा आपण काळा केला, त्याचा आपणच पुसायचा, हा त्यांचा नियम. कोर्टात उभा जन्म त्यांनी तो पाळला आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचं हसू सोसलं. वर्गातही आम्हाला एकमेकांचे अंगठे पुसायला लावत. पोरं खिदळायची. सर बाटली पुढं करून शांतपणे उभे राहत.

पण खरी गंमत गुरुवारी, प्रॅक्टिकलला. कॉलेजच्या फाटकाशी अनगोळची एक मावशी पेरूची पाटी घेऊन बसायची. तिला अक्षरओळख नव्हती. सर तिला वर्गात बोलावत, स्वतःची खुर्ची देत, पाटी दारात ठेवून घेत. आपण लिहिलेला कागद आम्ही तिला वाचून दाखवायचा आणि मग तिनं तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. तिला जेवढं सांगता आलं नाही, तेवढे आमचे मार्क गेले. वर्गातला पहिल्या नंबरचा मुलगा उठला, फाडफाड वाचून खाली बसला. मावशीनं सरांकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "पोरगं लई हुशार हाय ओ सर, पर ह्येनं माझं घर इकलं का मला घेऊन दिलं, त्ये काय उमजंना." वीसपैकी तीन मार्क. मुलगा प्रिन्सिपॉलांकडे गेला, की पेरूवाली परीक्षक कशी चालते? प्रिन्सिपॉलांनी सरांना बोलावलं. सर म्हणाले, कोर्टात उद्या तीच उभी ऱ्हानार साहेब, तिला कळायला नको? प्रिन्सिपॉलांनी रेकॉर्डला या प्रकाराचं नाव तोंडी परीक्षा असं लिहायला सांगितलं आणि विषय मिटवला.

माझी पाळी आली तेव्हा मी भाडेकरार असा रंगवून सांगितला की मावशीनं सगळा जशाच्या तसा परत म्हणून दाखवला. वर मला एक पेरू दिला. मी ऐटीत सरांकडे बघितलं. त्यांनी वहीत शून्य घातलं. मी भांडले, मावशीही माझ्या बाजूनं भांडली. सरांनी माझा कागद तिच्यासमोर धरून एका ओळीवर बोट ठेवलं. सहीच्या आधीची, शेवटची ओळ. घरमालकानं सांगितल्यापासून महिन्याच्या आत घर सोडायचं, अशी. मला ती कंटाळवाणी वाटली होती म्हणून मी सोडली होती. "तू सांगितलंस. वाचलं न्हाईस," सर म्हणाले. "सांगताना मानूस आपल्या सोयीचं सांगतो." पेरू खाल्ला मी, पण तो गोड लागला नाही.

शनिवारी ते हजेरी वेगळ्याच तऱ्हेनं घेत. नाव पुकारलं की उठायचं आणि या आठवड्यात घरी कुणाला काय वाचून दाखवलं ते सांगायचं. नुसतं हजर म्हटलं तर गैरहजर. कुणी आजीला गॅसचं पुस्तक वाचलेलं असे, कुणी शेजाऱ्याला लाइट बिल. मुलं बहुतेक थापा मारायची आणि सर लिहून घ्यायचे. अशाच एका शनिवारी मी मोठ्या दिमाखात उठले आणि सांगितलं, हक्कसोडपत्र.

आता त्याची हकिगत सांगायला हवी. आमचं गाव खानापूर तालुक्यात. आप्पा, म्हणजे माझे वडील, अनगोळच्या एका शाळेत शिपाई होते आणि आम्ही तिथंच भाड्यानं राहायचो. गावात आजोबांच्या मागं दोन तुकडे शेत आणि एक घर. वारस दोघंच, आप्पा आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे त्यांची आक्का आणि माझी आत्ती. आत्तीचे यजमान रेल्वेत गँगमन होते. ते वारल्यावर ती लोंढ्यात एका चाळीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि स्टेशनजवळच्या खानावळीत चपात्या लाटायची. मूलबाळ नव्हतं. आप्पांना गावातलं जुनं घर पाडून नवं बांधायचं होतं, त्यासाठी उतारा एकट्याच्या नावावर हवा होता. म्हणून त्यांनी खानापुरातून कागद लिहून आणला आणि शुक्रवारी आत्तीला जेवायला बोलावलं. पुरणाचं जेवण केलं, नवी साडी आणली. आप्पा वाईट माणूस नव्हते हो. आमच्याकडे असंच चालतं. भाऊ मागतो, बहीण देते, साडी नेसते, जेवून जाते. कागद वाचून दाखवायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच नसतं. ते आप्पांच्या डोक्यात आलं ते माझ्यामुळे. पोरगी हेच शिकते आहे, ही त्यांना मिरवायची गोष्ट होती.

जेवणं झाली. आत्ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. मी वाचायला लागले. शेताच्या दोन्ही तुकड्यांचे सर्व्हे नंबर, चतुःसीमा, सगळं नीट. मग पान उलटलं. तिथं घर होतं. घर, परसू, त्यातली झाडं, आणि पुढं, यावर माझा व माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहिलेला नाही, तिथं राहायला येण्याचाही नाही. मी थांबले. आप्पा दारात उभे होते. ते म्हणाले, थोडक्यात सांग गं, तिला गाडी गाठायची हाय. मी आप्पांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. आत्तीला ते फक्त शेताचंच बोलले होते. मी म्हटलं, "शेताचं हाय आत्ती. दोन्ही तुकडे आप्पांच्या नावावर." आत्ती म्हणाली, व्हय की, त्योच बगतोय. आणि अंगठा दिला. तो तिनं पदराच्या आतल्या बाजूला पुसला आणि गाडी गाठायला निघाली.

तर वर्गात मी उठून हक्कसोडपत्र म्हटलं, तेव्हा सरांनी पेन खाली ठेवलं. विचारलं, शेवटची ओळ काय हुती? मग विचारलं, आंगठा कुणी पुसला? सोळा जणांच्या वर्गात मी मान खाली घालून उभी राहिले. सरांनी सगळ्यांसमोर एक अक्षर पुढं विचारलं नाही, याचे उपकार मी अजून मानते. तास संपल्यावर मला थांबवून घेतलं. मी सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, रजिस्टर कधी हाय? मी म्हटलं, सोमवारी. तर म्हणाले, "मग मधी रविवार हाय की गं. लोंढ्याला गाडी किती वाजता?"

आप्पांच्या पिशवीतून मी कागद काढून झेरॉक्स मारली आणि परत ठेवला. ती चोरीच. आईला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं. स्टेशनवर सर आधीच येऊन उभे. गाडीत बसल्यापासून त्यांनी साखळी ओढल्याबद्दलचा दंड, तीन भाषांतला, डब्याला वाचून दाखवला. मग समोरच्या बाईच्या बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचलं. लोक बघत होते. एरवी मी शरमेनं मेले असते. त्या दिवशी मला वाटत होतं की त्यांनी असंच वाचत राहावं आणि लोंढा येऊच नये. खानापूर गेल्यावर मी म्हटलं, सर, तुम्हीच वाचा ना तिला, तुम्ही चांगलं वाचता. ते म्हणाले, गाळली कुणी?

आत्ती घरीच होती. मला बघून ती चकित झाली, आणि मागं पांढऱ्या शर्टातला म्हातारा बघून घाबरली. सर आत आलेच नाहीत. पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, ह्ये तुमच्या घरचं, मी काय ऐकत न्हाय. मी कागद काढला आणि पहिल्यापासून वाचला. घराच्या ओळीपाशी आले. कन्नडात वाचली. मग तीच मराठीत सांगितली. आत्ती म्हणाली, परत वाच. परत वाचली. तिसऱ्यांदा वाचायला लावली.

"शेत घेऊ दे त्याला," ती म्हणाली. "पर हितनं मला उटवलं तर मी कुटं जायाचं? घराचं त्यो मला बोलला न्हाय." मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "तुला ठावं हुतं?"

खोटं बोलायला जागा होती. वाचायचं राहून गेलं, असं म्हणता आलं असतं. पायरीवरची पाठ तशीच होती. मी म्हटलं, "व्हय आत्ती. ठावं हुतं."

मग उठून तिनं चहा टाकला. कप माझ्या हातात देऊन म्हणाली, त्ये भायेर बसल्यात त्यास्नी आधी दे. सरांनी चहा घेतला आणि पिशवीतून ती बाटली काढून माझ्या हातावर ठेवली. दोन दिवस झाले तरी आत्तीच्या नखाच्या कडेला शाई होतीच. चपात्या लाटणारा हात, आणि त्यात ती काळी रेघ. मी तेलाच्या कापसानं पुसत बसले. मी रडत होते आणि आत्ती म्हणत होती, ऱ्हाऊ दे गं, जातंय त्ये.

सोमवारी खानापुरात सब-रजिस्ट्रार साहेबांनी दस्त कबूल का म्हणून विचारलं, तेव्हा आत्ती म्हणाली, शेताचं कबूल, घराचं न्हाय. साहेबांनी कागद परत केला. महिन्याभरानं फक्त शेताचा नवा कागद झाला, त्यावर तिनं अंगठा दिला. घराच्या उताऱ्यावर दोन नावं राहिली. आप्पांना आत्तीकडून सगळं कळलं, पण त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. त्यांनी बोलणंच टाकलं. चार महिने मला जेवायला बोलवायचं ते आईच्या तोंडून. पुढं बोलायला लागले, पण लोंढा हा शब्द आमच्या घरातून गेला. मी सरांपाशी रडगाणं गायले, की बाप तुटला माझा. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. म्हणाले, आप्पांना काय काय वाचून दाखवतीस? काही नाही म्हटलं. म्हणाले, मग वाचत जा. त्या दिवसापासून मी आप्पांना रोज पेपर वाचून दाखवायला लागले. ते भिंतीकडे तोंड करून ऐकायचे, पण ऐकायचे.

दोन वर्षांनी आत्तीच्या घरमालकानं खरोखरच ती चाळ विकली. आत्ती ट्रंक घेऊन गावच्या घरी आली. आली म्हणजे काय, स्वतःच्या नावाच्या घरात आली. आप्पा रिटायर होऊन आईसह तिथंच गेले. बहीण-भाऊ आता टीव्हीच्या रिमोटवरून रोज भांडतात. जुनं घर पाडलं नाहीच, डागडुजी केली.

गेल्या वर्षी आप्पा परसात घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. बेळगावात ऑपरेशन ठरलं. सिस्टर फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, सही जमत नसेल तर डावा अंगठा चालेल, इथं द्या. आप्पांनी हात पुढं केला नाही. आत्ती उशाशी बसली होती. आप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आधी वाच," ते म्हणाले. "सगळं वाच. लोंढ्याला आक्काला वाचलंवतंस तसं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी वाचलं. भूल उतरली नाही तर, हात पहिल्यासारखा झाला नाही तर, सगळं भयंकर भयंकर जे असतं ते, एकेक ओळ. सिस्टर दोनदा येऊन गेली. आप्पांनी अंगठा दिला. माझ्या पर्समध्ये बाटली असतेच. मी त्यांचा अंगठा पुसला आणि पुसून झाल्यावरही त्यांनी हात काढून घेतला नाही.

हे सरांना सांगायला मी निपाणीला गेले. ते आता धाकट्या भावाकडे असतात. कान पार गेले आहेत. माणसांना ऐकू घालण्यात जन्म घालवला, आणि त्यांनाच काही ऐकू येत नाही. म्हणून मी सगळं कागदावर लिहून नेलं होतं. सर ओट्यावर बसले, चष्मा लावला आणि नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागले. भावजय हातातलं काम टाकून दारात आली, समोरचा दुकानदार वजन करता करता थांबला. आप्पांचं मनगट, सिस्टर, आत्ती, अंगठा, सगळं गल्लीनं ऐकलं. शेवटी मी एक ओळ लिहिली होती. सर, तुम्ही त्या रविवारी आला नसता, तर माझ्या आत्तीला घर राहिलं नसतं आणि मला आप्पा.

सर त्या ओळीपाशी आले, थांबले, आणि कागदाची घडी घालायला लागले.

मी हाक मारली, पण त्यांना कुठलं ऐकू येतंय! मग मी घडी उलगडली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोट काढलं नाही.

त्यांनी वाचली. तेवढी एकच, हळू आवाजात.